चार पेशींची साक्ष

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल तलावाच्या काठावरून एक बाटली पाणी आणावं. जॅमची रिकामी बाटली पुरते. पाण्यासोबत काठच्या दगडावरचं थोडं बुळबुळीत हिरवं शेवाळही घ्यावं, आणि बाटली घरी खिडकीत, उन्हाची तिरीप येईल तिथे ठेवावी. चार-सहा दिवसांत काचेच्या आतल्या अंगाला हिरवट साय धरते. त्या सायीचा टाचणीच्या टोकाएवढा अंश काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, की आधी नुसता हिरवा धूसरपणा दिसतो. भिंग हळूहळू खाली आणलं की त्या धूसरपणाला आकार येऊ लागतात.

एक लांब पारदर्शक नळी दिसते. तिच्या आत हिरवी फीत गोल गोल फिरत गेलेली असते. ही स्पायरोगायरा. शेजारी होडीच्या आकाराचे, काचेच्या पेटीसारखे डायटम संथपणे सरकत असतात. आणि नशीब चांगलं असेल तर सिनेडेस्मसच्या कुळातलं एखादं शैवाल सापडतं: चार लांबट पेशी, खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभ्या. त्यातल्या काही जातींत कडेच्या दोन पेशींना बाहेर काटे असतात. दिंडीत कडेने चालणाऱ्यांनी पताका धराव्यात, तसे ते दिसतात. या चौघांची एकूण रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास.

आपण यांना सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो आणि हौद घासून काढतो. पाय घसरतो, पाण्याला वास येतो, पंपाची जाळी तुंबते, एवढीच आपली त्यांच्याशी ओळख. पण तळ्याच्या हिशोबात जमेची बाजू हीच मंडळी लिहितात. सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ती अन्न तयार करतात आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतात. त्यांच्यावर पाणपिसवा जगतात, पाणपिसवांवर माशांची पिल्लं. जायकवाडी धरणाच्या नाथसागरात भोई समाजाच्या जाळ्यात येणारा रोहू आणि कटला, हिवाळ्यात जायकवाडीच्या उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून फिरणारे रोहित पक्षी, सगळ्यांचा शिधा शेवटी या हिरव्या पेशींच्या कोठारातून येतो.

या प्रकरणात आपण या पेशींकडे साक्षीदार म्हणून पाहणार आहोत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माणसाने पाण्यात एक नवी गोष्ट सोडायला सुरुवात केली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला चव नाही, वास नाही. तिचा परिणाम सर्वांत आधी ज्यांच्यावर दिसू शकतो, त्यात या हिरव्या पेशी आहेत. ती गोष्ट म्हणजे नॅनोकण.

पैठणीची जर आणि दीड एकर चांदी

मीटरचे एक अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या कणाची लांबी, रुंदी किंवा उंची १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला नॅनोकण म्हणतात. आपल्या शैवालाची एक पेशी दहा मीटर लांबीच्या वाड्याएवढी मानली, तर २० नॅनोमीटरचा कण त्या वाड्याच्या अंगणात पडलेल्या चिंचोक्याएवढा ठरतो.

एवढ्याशा चिंचोक्याने वाड्याचं काय बिघडणार? याचं उत्तर पैठणच्या मागावर मिळतं. पैठणीच्या पदरातली अस्सल जर म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ही चांदी शतकानुशतकं गोदावरीच्या काठी वावरते आहे. ती नदीला बाधली नाही, कारण तारेतली जवळजवळ सगळी चांदी आतच असते. पाण्याला भिडायला मिळतो तो फक्त बाहेरचा पृष्ठभाग.

आता एक सेंटिमीटर बाजू असलेला चांदीचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढं. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, साधारण सहा गुंठे. एक नॅनोमीटरपर्यंत बारीक केले तर ६ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर. चांदी तेवढीच. वजन तेवढंच. पण आधी तिकिटाएवढ्या जागेवर होणारी रासायनिक देवघेव आता दीड एकरावर चालू होते.

नॅनोतंत्रज्ञानाची सारी करामत या हिशोबात आहे, आणि सारी काळजीही. पृष्ठभाग वाढला की औषध लवकर लागू पडतं, रंग जास्त झाकतो, जंतू झटपट मरतात. आणि तोच वाढलेला पृष्ठभाग पाण्यात गेला की त्याच तत्परतेने काम करतो. समोरची पेशी जंतूची आहे की शैवालाची, हे त्याला ओळखता येत नाही.

नेगेलीचं स्पायरोगायरा

तान्ह्या बाळाला चांदीच्या वाटी-चमच्याने भरवण्याची आपली पद्धत जुनी आहे. चांदी आणि तांबं पाणी शुद्ध ठेवतात हा अनुभव अनेक समाजांना होता. त्यामागचं कारण शोधायला जे पहिले प्रयोग झाले, त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग शैवालावरच झाला. कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं की तांबं किंवा चांदी यांच्या अत्यंत सूक्ष्म अंशानेही पाण्यातलं स्पायरोगायरा मरतं. पाण्यात धातू आहे हे कळूही नये, इतका तो अंश कमी होता. नेगेली १८९१ साली वारला आणि त्याचं हे निरीक्षण १८९३ मध्ये छापून आलं. अत्यल्प मात्रेने होणाऱ्या या परिणामाला त्याने ‘ऑलिगोडायनॅमिक’ असं नाव दिलं. आज चांदीच्या जंतुनाशक गुणाबद्दल बोलताना हाच शब्द वापरतात, पण तो मुळात शैवालाच्या मरणातून आला, हे फारसं कुणाला आठवत नाही.

म्हणजे चांदी शैवालाला मारते हे सव्वाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. नवं आहे ते तिचं घराघरांत पसरणं. नॅनोचांदी जखमेवरच्या मलमात आहे, मोज्यांत आणि खेळाडूंच्या कपड्यांत आहे, पाणी गाळण्याच्या यंत्रांत आहे. २००९ च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या स्वस्त जलशुद्धीकरण यंत्रात भाताच्या तुसाची राख आणि नॅनोचांदी यांची जोडी होती. विजेशिवाय, नळाशिवाय घरात सुरक्षित पाणी मिळावं हा त्यामागचा विचार मोलाचाच होता. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे कण उन्हापासून त्वचा वाचवणाऱ्या मलमांत असतात. टायटॅनियम डायऑक्साइड तर भिंतीच्या पांढऱ्या रंगाचा प्राण आहे.

या वस्तूंतले कण पाण्यात येतात का? येतात, आणि ते मोजलंही गेलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातले चांदीयुक्त मोजे आणून अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पुन्हा पुन्हा धुतले. एका मोज्यातून ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी पाण्यात उतरली. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली, काहींतली मात्र फारशी हलली नाही. चांदी धाग्यात कशी बसवली आहे, यावर सगळं अवलंबून होतं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की रंगवलेल्या इमारतींच्या भिंतींवरून पावसाच्या पाण्याबरोबर टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण वाहून जातात.

पहिला पाऊस आठवून पाहा. मृगाच्या सरीत गच्ची धुऊन निघते, भिंतीवरून पांढुरके ओघळ खाली येतात, गटारात मिसळतात आणि गटार पुढे जातं. कुठे जातं, ते थोड्या वेळाने पाहू.

बहात्तर तासांची परीक्षा

एखादा पदार्थ शैवालाला किती घातक आहे हे ठरवण्याची जगभर मान्य असलेली पद्धत साधी आहे. काचेच्या चंबूत पोषक द्रावण घ्यायचं. त्यात दर मिलिलिटरला पाच-दहा हजार पेशी येतील इतकं शैवाल सोडायचं. तापमान २१ ते २४ अंश सेल्सिअस, वर अखंड उजेड. काही चंबूंत नुसतं शैवाल, बाकीच्यांत पदार्थाच्या चढत्या मात्रा. बहात्तर तासांनी पेशी मोजायच्या. नुसत्या शैवालाच्या चंबूत तीन दिवसांत वाढ किमान १६ पट झालीच पाहिजे, नाहीतर परीक्षाच रद्द. एकाचे सोळा झाले, तर शैवाल ठणठणीत आहे असं समजायचं. मग ज्या मात्रेला वाढीचा वेग निम्म्यावर येतो, ती मात्रा त्या पदार्थाच्या विषारीपणाचं माप मानतात. हे माप जितकं लहान, तितका पदार्थ जहाल.

एस्टोनियातल्या टॅलिन इथल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये तीन ऑक्साइडांची अशी परीक्षा घेतली. निकाल बोलका आहे. तांब्याचं साधं, जाड कणांचं ऑक्साइड घेतलं तर वाढ निम्मी करायला लिटरमागे ११.५५ मिलिग्रॅम तांबं लागलं. नॅनोरूपात तेच काम ०.७१ मिलिग्रॅमने केलं, म्हणजे सोळा पट कमी मात्रेत. टायटॅनियमच्या बाबतीत ३५.९ वरून ५.८३ मिलिग्रॅम. जस्ताच्या बाबतीत मात्र साधं आणि नॅनो यांत फरकच पडला नाही. दोन्हींची मात्रा ०.०४ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिघांत सर्वांत जहाल.

तीन धातूंच्या तीन तऱ्हा झाल्या, कारण मारण्याच्या वाटाही वेगवेगळ्या आहेत.

पहिली वाट विरघळण्याची. जस्ताचे कण पाण्यात झपाट्याने विरघळतात आणि जस्ताचे आयन मोकळे होतात. पेशीला मारतात ते हे आयन, कणाचा आकार तिथे गौण ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ मध्येच हे दाखवलं होतं: नॅनो झिंक ऑक्साइड, साधं झिंक ऑक्साइड आणि सरळ झिंक क्लोराइड, तिघांचाही परिणाम सारखाच निघाला. चांदीचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. २००८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये क्लॅमिडोमोनस या शैवालावर प्रयोग झाले. एकूण चांदीच्या हिशोबाने नॅनोकण हे सिल्व्हर नायट्रेटपेक्षा अठरा पट सौम्य निघाले. पण पाण्यात प्रत्यक्ष किती आयन मोकळे आहेत या हिशोबाने पाहिलं, तर नॅनोकणच जास्त घातक दिसले. जणू पेशीच्या दारात उभा राहून कण तिच्या हातात थोडे थोडे आयन ठेवत होता. आणि आयनांना बांधून टाकणारं सिस्टीन हे अमिनो आम्ल पाण्यात घातलं, तेव्हा विषारीपणा नाहीसा झाला. कण स्वतः काम करत होता, पण हत्यार आयनांचंच होतं.

दुसरी वाट उन्हाची. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पण त्याच्यावर अतिनील किरण पडले की पृष्ठभागावर ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार होतात. ती पेशीच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थांवर आणि हरितलवकांवर तुटून पडतात. लोखंड गंजावं तशी पेशी आतून गंजते. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा रंग फिका पडलेला दिसतो.

तिसरी वाट झाकोळण्याची. कण एकमेकांना चिकटून गोळे बनतात आणि पेशी त्या गोळ्यांत अडकते. टॅलिनच्या प्रयोगात टायटॅनियमच्या पुंजक्यांत गुरफटलेल्या पेशी स्पष्ट दिसल्या होत्या. अंगावर असा थर बसला की उजेड कमी मिळतो. काही कण पाण्यातलं फॉस्फेटही स्वतःकडे ओढून घेतात, म्हणजे अन्न तयार करणाऱ्याचीच उपासमार.

पेशी गप्प बसत नाही. ती बाहेर चिकट शर्करायुक्त स्राव सोडते, म्हणजेच आपल्या पायाला लागणारा तो बुळबुळीतपणा. त्यात कण आणि आयन अडकतात. ज्या बुळबुळीतपणामुळे आपण शेवाळाला नाकं मुरडतो, ती त्याची ढाल असते.

नॉर्वेचं शैवाल, मराठवाड्याचं पाणी

आता या परीक्षेतली एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरलं जाणारं शैवाल म्हणजे रॅफिडोसेलिस सबकॅपिटाटा, चंद्रकोरीसारखी एक छोटी हिरवी पेशी. तिचा प्रसिद्ध वाण १९५९ मध्ये नॉर्वेतल्या नितेल्वा नदीच्या पाण्यातून वेगळा केला गेला. आज कुठल्याही देशात ‘हा पदार्थ गोड्या पाण्यातल्या शैवालाला इतका विषारी’ असं छापलं जातं, तेव्हा बहुधा त्या उत्तरेकडच्या नदीतल्या एका पेशीच्या वंशजांनी दिलेली ती साक्ष असते. साक्ष खरी आहे. पण ती त्या चंबूची आहे.

चंबू आणि तळं यांत किती अंतर असू शकतं, हे कॅनडातल्या एका धाडसी प्रयोगाने दाखवलं. ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी ‘लेक २२२’ मध्ये २०१४ आणि २०१५ च्या उन्हाळ्यांत मिळून १५ किलो नॅनोचांदी थोडी थोडी करून सोडली गेली. चंबूतल्या निकालांवरून तळ्यातलं शैवाल कोसळेल असं वाटलं असतं. तसं घडलं नाही. तिथल्या तरंगत्या शैवालांच्या समूहावर टिकाऊ परिणाम आढळला नाही. तळ्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ चांदीला गुंडाळत राहिले. पण तळ्यातल्या पर्च माशांच्या ऊतींत चांदी साठली आणि त्यांची संख्या घटली.

या निकालाने हायसं वाटू नये आणि घाबरूही नये. त्यातून एवढंच शिकायचं की विषारीपणा हा कणाच्या अंगचा एखादा ठरलेला आकडा नसतो. कण, पाणी आणि पेशी या तिघांच्या भेटीत तो ठरतो. यातलं एक बदललं की उत्तर बदलतं.

म्हणून आपल्याला आपलं पाणी पाहावं लागतं.

जटवाड्याच्या डोंगरातून निघणारी खाम नदी हर्सूल तलावापाशी येते, मग छत्रपती संभाजीनगर शहरातून जाते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. त्याच परंपरेतल्या नहरीचं पाणी पाणचक्कीचं जातं फिरवायचं. शहराच्या पाण्याची कहाणी एवढी जुनी. आज पाणचक्कीच्या बाजूने वाहणारी खाम वाटेत शहराचं सांडपाणी घेते आणि पुढे वाळूजच्या अंगाने गोदावरीकडे, नाथसागराकडे जाते. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झालेलं आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी राष्ट्राला अर्पण केलेलं जायकवाडी धरण हा नाथसागर अडवतं. आणि संभाजीनगर पाणी पितं ते या नाथसागराचंच.

म्हणजे गच्चीवरून धुऊन गेलेला कण ज्या दिशेने जातो, त्याच दिशेकडून आपल्या नळाला पाणी येतं.

या वाटेवर कणाचं काय होत असेल, याचा अंदाज रसायनशास्त्र देतं. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. घरातल्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर साचतो तो याच क्षारांचा. असे आयन भरपूर असले की नॅनोकण एकमेकांपासून दूर राहू शकत नाहीत. ते चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. ही शैवालाच्या बाजूची गोष्ट. सांडपाण्यात, जिथे ऑक्सिजन संपलेला असतो तिथे, गंधकाची संयुगं असतात. त्यांच्याशी चांदीची गाठ पडली की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या निरांजनावर चढणारा काळपट थर तोच. हे सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचा विषारीपणा बराच उतरतो. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांतली बहुतेक चांदी याच रूपात गाळात बसते, हे स्विस संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं आहे. ही दुसरी दिलाशाची गोष्ट. पण मग तो गाळ कुठे टाकला जातो, हा प्रश्न उरतोच.

उलट बाजूही आहे. आपल्याकडचं ऊन प्रयोगशाळेतल्या दिव्यापेक्षा प्रखर, त्यात अतिनील किरणांचा वाटा मोठा. टायटॅनियमसारख्या उन्हात जागणाऱ्या कणांना हे ऊन बळ देतं. मे महिन्यात उथळ पाण्याचं तापमान परीक्षेतल्या २१ ते २४ अंशांच्या कितीतरी वर जातं. १०० टीएमसीहून अधिक पाणी मावणारा नाथसागर दुष्काळी वर्षांत मृतसाठ्याशी येऊन टेकतो. पाणी आटतं, पण धातू वाफ होऊन उडून जात नाहीत. भर उन्हाळ्यातल्या नाथसागराचं एक लिटर पाणी आणि ऑगस्टच्या पुरातलं एक लिटर पाणी, यांत त्याच कणाचं वागणं वेगळं असणार.

म्हणून नॉर्वेच्या पेशीची साक्ष आपल्याला पुरत नाही. इथल्या पाण्यात, इथल्या उन्हात, इथल्या शैवालाची साक्ष घ्यावी लागेल. असं काम भारतात सुरू झालं आहे. तमिळनाडूत वेल्लोरच्या संशोधकांनी स्थानिक पाण्यातून वेगळ्या केलेल्या सिनेडेस्मस आणि क्लोरेला या शैवालांवर ॲल्युमिना आणि टायटॅनियमच्या नॅनोकणांचे परिणाम तपासले आहेत. रस्ता तयार आहे. त्यावरून गोदावरीच्या पाण्याला चालायचं आहे.

मेलं नाही, तरी पुढे गेलं

लेक २२२ मधली दुसरी बाजू विसरून चालणार नाही. तिथे शैवाल टिकलं आणि मासे घटले. शैवाल जिवंत राहिलं तरी ते वाहक होऊ शकतं. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एक प्रयोग झाला. प्लास्टिकचे म्हणजे पॉलिस्टायरीनचे नॅनोकण सिनेडेस्मस शैवालासोबत ठेवले. ते शैवाल पाणपिसवांना खाऊ घातलं आणि त्या पाणपिसवा कार्प जातीच्या माशांना. माशांची हालचाल मंदावली, खायला त्यांना जास्त वेळ लागू लागला, शरीरातल्या स्निग्ध पदार्थांचा तोल बिघडला. आपल्या काचपट्टीवर दिसलेल्या त्या चार पेशींचं कुळ हेच. तीन पायऱ्या चढून कण माशापर्यंत पोहोचला आणि पहिल्या पायरीवर त्याला अंगावर घेऊन उभं होतं ते शैवाल.

नाथसागराच्या काठी ज्यांच्या घरची चूल मासेमारीवर चालते, त्यांच्या दृष्टीने हा प्रयोग स्वीडनइतका लांबचा नाही.

‘नॅनो’ आणि ‘हरित’ या दोन शब्दांबद्दल

दोन गैरसमज दूर करणं गरजेचं आहे.

पहिला, नॅनो म्हटलं की विष. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नॅनो हा शब्द भेटला तो नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवर. केंद्राने २०२१ मध्ये त्याला खत म्हणून मान्यता दिली आणि २०२२ मध्ये गुजरातमध्ये कलोलला इफ्कोचा कारखाना सुरू झाला. युरिया पाण्यात विरघळणारा, नत्र देणारा पदार्थ आहे. चांदी किंवा तांब्याच्या कणांना लावलेली कसोटी त्याला जशीच्या तशी लावता येत नाही. त्याच्या पीकवाढीवरच्या परिणामाची चर्चा शेतीशास्त्रात चालू आहे, पण तो प्रश्न निराळा. प्रत्येक कणाला त्याच्या द्रव्याप्रमाणे आणि पाण्यातल्या वागण्याप्रमाणे तपासावं लागतं. भारतात शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या, त्यामागचा विचारही हाच.

दुसरा गैरसमज जास्त नाजूक आहे, कारण तो आपल्या घरातला आहे. नॅनोकण वनस्पतींच्या मदतीने बनवण्याच्या विद्येत महाराष्ट्र आघाडीवर राहिला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला बुरशीपासून आणि पुढे कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्यापासून चांदी-सोन्याचे नॅनोकण तयार करून दाखवले. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीच्या साहाय्याने कण बनवण्याची शाखा वाढवली. आज ही पद्धत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोहोचली आहे. कडुलिंबाचा किंवा तुळशीचा पाला उकळायचा, गाळायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घालायचं. पाहता पाहता फिकट द्रावण पिवळं होतं, मग विटकरी तपकिरी. चांदीचे कण जन्माला आल्याची ती खूण. तो रंग बदलताना पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद ज्याने पाहिला, त्याला या विद्येचं मोल सांगायला नको.

या पद्धतीला ‘हरित संश्लेषण’ म्हणतात, आणि बनवण्याच्या रीतीपुरतं ते नाव योग्य आहे. घातक रसायनं वाचतात, ऊर्जा वाचते. पण पाल्याच्या काढ्यातून आली म्हणून चांदी कडुलिंब होत नाही. ती चांदीच राहते. मोजमाप संपल्यावर तो तपकिरी चंबू बेसिनमध्ये रिकामा केला, तर नळाच्या पाण्याबरोबर ती गटारात जाते. हिरव्या रीतीने बनलेला कण हिरव्या पेशीला आपसूक सुरक्षित ठरत नाही. ती परीक्षा वेगळी द्यावी लागते.

साक्ष कशी घ्यायची

कण बनवणाऱ्या प्रयोगशाळेला शैवाल मोजणं अवघड नाही. सूक्ष्मदर्शक असतो. रक्तपेशी मोजण्याची चौकटीची काचपट्टी शैवालाच्या पेशीही मोजते. बहात्तर तासांचा अवधी परीक्षेच्या वेळापत्रकातही बसतो. लागतं ते इथलं शैवाल आणि इथलं पाणी.

मराठवाड्याच्या शैवालांच्या नोंदी नव्याने सुरू कराव्या लागणार नाहीत. एन. डी. कामत यांनी कोल्हापूर, मराठवाडा आणि विदर्भातल्या शैवालांवर आयुष्यभर काम केलं. एच. पी. गांधी यांनी डायटमची रूपं हाताने रेखाटून ठेवली. त्यांनी नावं आणि चेहरे दिले. आता त्याच चेहऱ्यांना विचारायचं आहे, की बाबांनो, हे नवं पाणी मानवतंय का.

एक चंबू नाथसागराच्या मे महिन्यातल्या पाण्याचा, एक ऑगस्टचा. एक खामच्या वरच्या अंगाचा, एक शहराच्या खालचा. प्रत्येकात हर्सूलच्या काठावरचं शैवाल, आणि प्रत्येकात आपणच बनवलेल्या कणांची मोजकी मात्रा, मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये, कारण नदीत कण येतील ते तेवढ्याच विरळपणे. तापमान आपल्याकडचं, ऊन आपल्याकडचं. उरलेलं चांदीचं द्रावण बेसिनमध्ये न टाकता बाटलीत साठवायचं. साधं मीठ घातलं की मोकळ्या आयनांचं सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढरा साका खाली बसतो, आणि कणांसकट ते सगळं धातूच्या कचऱ्यात नीट देता येतं. घरापुरतं बोलायचं तर ‘जंतुनाशक चांदी’ असा शिक्का असलेले मोजे किंवा बनियन घेताना एकदा स्वतःला विचारायचं, की साबण आणि ऊन यांनी भागत नाही का.

खिडकीतल्या जॅमच्या बाटलीकडे परत जाऊ. त्या चार पेशींतली प्रत्येक पेशी वाढीच्या वेळी आतून फुटते आणि तिच्या पोटातून नवी चौकडी बाहेर येते, तशीच खांद्याला खांदा लावलेली. पाणी निर्मळ असेल तर चाराचे सोळा व्हायला फार दिवस लागत नाहीत. नदीच्या तब्येतीबद्दल अहवाल येतील, आकडे येतील, घोषणा होतील. त्या सगळ्यांच्या आधी, काचपट्टीवर, उजेडात धरून मोजता येईल असं एक उत्तर आपल्या हाताशी आहे: चाराचे सोळा झाले की नाही.